घरपट्टीची गोष्ट

दिवाळी आली की घराला रंग लागतो, उंबरठ्यावर पणती येते, दारी आकाशकंदील चढतो. घर आपले आहे याचा आनंद मनसोक्त भोगण्याचा हा सण. पण त्या आनंदाच्या पाठीमागे कपाटातल्या फायलीत एक कागद पडून असतो, आणि त्याची आठवण कोणालाच गोड वाटत नाही. तो कागद म्हणजे घरपट्टीचे बिल. त्यालाही इतिहास आहे, आणि आमच्या जालन्यापुरता तो पाण्याचा इतिहास आहे.

'जालना, सोने का पालना' असे जुने लोक म्हणत. मलिक अंबरच्या काळी जमशेदखान नावाचा सुभेदार येथे होता. त्याने मोती तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात खेळवले. पुढे निजामी राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला आणि त्याचे पाणी उताराच्या जोरावर शहरात येऊ लागले. ही सारी सरकारची कृपा! कृपेचा हिशेब मागता येत नाही. राज्यकर्ता चांगला निघाला तर पाणी, नाही तर विहिरीचा रहाट.

कर मात्र प्रत्येक राज्यकर्त्याने घेतला. मराठेशाहीच्या वसुलीतही घरपट्टी होती. आणि हा कर पूर्वीपासून लोकांना झोंबत आला आहे. इंग्लंडात 1696 साली खिडक्यांवर कर बसला, तेव्हा लोकांनी खिडक्याच विटांनी बुजवल्या. उजेड गेला, पण पैसे वाचले! तो कर 1851 साली उठला. कंपनी सरकारने 1810 साली काशीत घरपट्टी बसवली, तेव्हा लोकांनी दुकाने बंद केली, घरे सोडली आणि ते उघड्या मैदानात धरणे धरून बसले. अखेर सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. आपल्याला न विचारता आपल्या छपरावर कर बसवतात, हे खरे दुःख होते.

1948 साली निजामी राजवट संपली, 1960 साली महाराष्ट्र झाला. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांत नगरपालिकांचे कायदे वेगवेगळे होते. 1965 च्या कायद्याने ते एक झाले. या कायद्यातली आकारणी सोपी आहे. समजा, एखाद्या सदनिकेला महिना 1000 रुपये भाडे येऊ शकते. वर्षाचे झाले 12,000. दुरुस्तीसाठी दहावा हिस्सा वजा केला की उरले 10,800. कराचा दर शेकडा 25 धरला, तर पट्टी होते 2,700 रुपये. शिवाय शिक्षण कर, वृक्ष कर आणि पाणीपट्टी निराळी. घर भाड्याने दिलेले असेल, तर हा भार हळूच भाड्यातही उतरतो. म्हणजे घर नसलेला माणूसही घरपट्टी भरतोच.

मग पूर्वी ही पट्टी इतकी का टोचत नव्हती? कारण नगरपालिकेची तिजोरी मुख्यतः जकात नाक्यावर भरत होती. गुळाच्या ढेपेत, कापडाच्या ताग्यात कर मिसळून येई आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नसे. 1999 साली नगरपालिकांची जकात उठली. त्या जागी सरकारी अनुदान आले. पण शहराच्या हातात स्वतःच्या कमाईचे साधन म्हणून मुख्यतः घरपट्टीच उरली. लपलेला कर गेला, दिसणारा राहिला. 2023 साली जालन्याची महानगरपालिका झाली, आणि 'आता पट्टी वाढणार' ही चर्चा ओट्याओट्यांवर सुरू झाली.

सदनिकाधारकाची अडचण आणखी वेगळी. जिना, पाण्याची मोटर, रखवालदार यांची वर्गणी तो इमारतीला देतो. पट्टी शहराला देतो. आणि पाणी आटले की टँकरवाल्याला देतो. 2012-13 च्या दुष्काळात घाणेवाडी कोरडी पडली, तेव्हा जालनेकरांनी हे तिहेरी देणे पुरेपूर अनुभवले. पुढे जायकवाडीचे पाणी आले, तरी नळाला रोज पाणी नसले की टँकर आहेच. पट्टी जड वाटते ती तिच्या आकड्याने नव्हे. तिच्या मोबदल्यात जे यायचे ते आले नाही म्हणजे तिचा भार दुप्पट होतो.

तरीही जमशेदखानाच्या काळापेक्षा आपण एका बाबतीत भाग्यवान आहोत. त्याच्याकडे कोणाला पावती दाखवता आली नसती. आज आकारणीची यादी लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवावी लागते, मुदतीत हरकत घेता येते, आणि चार वर्षांतून एकदा तरी ती यादी नव्याने तपासावी असे कायदाच सांगतो. पण यादी पाहायला जाणारे किती? बिल आले म्हणजे आपण कुरकुर करतो, आणि मुदत संपल्यावर दाद मागतो.

वाचकहो, यंदा घर झाडताना ती पिवळी पडलेली पावती सापडली, तर फेकू नका. आपल्या सदनिकेचे क्षेत्रफळ त्यावर बरोबर लिहिले आहे का, एवढे तरी पाहा. भरलेली पट्टी ही शहराला घातलेली भीक नव्हे आणि दंडही नव्हे. ती पाण्याचा, दिव्याचा आणि रस्त्याचा जाब विचारण्याची सनद आहे. उंबरठ्यावर पणती लावताना गल्लीतला दिवाही लागलेला असावा, ही अपेक्षा धरण्याचा अधिकार आपण तिनेच विकत घेतलेला आहे.