त्रेनाख

मे महिना लागला की सासूबाई अजूनही झोपण्याआधी दारात उभ्या राहून कानोसा घेतात. त्रेनाख आला का? हे त्या पक्ष्याचं आयरिश नाव; इंग्रजीत त्याला कॉर्नक्रेक म्हणतात. मेयो परगण्याच्या पार पश्चिमेला, मलेट द्वीपकल्पावर आमचं घर. आयर्लंडमध्ये हा पक्षी आता मोजक्याच ठिकाणी उरलाय, त्यातलं हे एक. दिसत जवळजवळ नाहीच; गवतात दडून रात्रभर ‘क्रेक्स, क्रेक्स’ करत राहतो. सासूबाईंचा थोरला भाऊ फणीच्या दातांवर काडी ओढून त्याला साद घालायचा आणि पक्षी पार कुंपणापर्यंत यायचा म्हणे.

तेव्हा गवत लांब दांड्याच्या विळ्यानं कापत. आज याचं कुरण, उद्या त्याचं. माझ्या आजीच्या गावी भातलावणीला सावड असे, तशीच ही रीत. पैसे नाहीत, जेवण मात्र ज्याचं कुरण त्याच्याकडचं. ताकात पीठ मळून केलेला सोडा ब्रेड, वर सुरीनं क्रूस कोरलेला. घरचं लोणी, उकडलेली अंडी, आणि काचेच्या बाटलीत भरून लोकरी मोज्यात गुंडाळलेला चहा. बाटल्या पोचवायचं काम मुलींचं. माणसं किती असत? सासूबाई कधी आठ सांगतात, कधी पंधरा. मी टोकत नाही, कारण चहाची चव सांगताना मात्र त्या कधी चुकत नाहीत.

विळा सावकाश चाले, त्यामुळे पिल्लांना बाजूच्या गवतात पळायला सवड मिळे. मग यंत्रं आली, सायलेजसाठी, म्हणजे मुरघासासाठी, कापणी आधी होऊ लागली, आणि कडेकडेनं आत कापत गेलं की पिल्लं मधोमध कोंडली जात. गावागावातून तो आवाज नाहीसा झाला. माणसंही जात होतीच. १९५०च्या दशकात सुमारे ४ लाख लोकांनी देश सोडला. फणीवाला भाऊ बांधकामावर इंग्लंडला गेला. आधी लंडन की आधी कॉव्हेंट्री, यावर सासूबाई आणि त्यांच्या बहिणीचं आजही एकमत नाही.

मागे राहिलेल्यांना रात्रीच्या बैठकीनं सांभाळलं, असं मला वाटतं. ठरलेल्या एका घरी पीटच्या विस्तवाभोवती सगळे जमत. दार वाजवायचं नाही, सरळ आत यायचं. कुणाची गाय व्याली, कुणाला पत्र आलं, सगळं तिथं कळे. एखादी एकटी म्हातारी दोन दिवस दिसली नाही तर कुणीतरी दूध घेऊन तिच्याकडे जाई.

१९३७ ते १९३९ या काळात देशभरच्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, औषधं, पावसाचे ठोकताळे ऐकून वह्यांत उतरवले होते. सासूबाईंच्या मावशीचीही अशी वही होती म्हणे. तिच्यातलं एक औषध घरात टिकलंय: मे महिन्यात तीनदा नेटल या खाजऱ्या रानपाल्याचं सूप प्यायचं, वर्षभर दुखणं नाही. कोवळी पानं हातमोजे घालून खुडायची, कारण अंगाला लागली की आग होते. मग डॉक नावाच्या रानपाल्याचं पान चोळायचं. सूप मला पालकासारखं लागतं, आणि मी तीनदा पितेच.

आता त्रेनाख वाचवायला सरकारी योजनेतून शेतकऱ्यांना कापणी उशिरा करायचे पैसे मिळतात. कापायचं मधून बाहेर, म्हणजे पक्ष्यांना वाट मिळते. वसंतात गवत आखूड असतं तेव्हा त्रेनाख नेटलच्या जाळीत लपतो, म्हणून तीही राखायची. आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे तिचं रानच माजलंय. माझ्या लेकाला फुटबॉलसाठी ती जागा हवी होती.

“गोल पलीकडे लाव, बाळा,” सासूबाई म्हणाल्या, “इथं बिऱ्हाड यायचंय.”