बाकावरून भांडण

1287 साली एक्झेटरचे बिशप पीटर क्विनेल यांना धर्मसभेत फर्मान काढावं लागलं. एकाच जागेवर दोघं-तिघं हक्क सांगतात, भांडणं जुंपतात, उपासना अडते; तेव्हा उमराव आणि चर्चचे आश्रयदाते सोडले तर कुणीही जागा आपली म्हणायची नाही, आधी येईल त्यानं हवी तिथं बसावं. इंग्लंडमधल्या गावचर्चच्या बाकांबद्दलच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक, आणि ती तक्रारीची आहे!

त्याआधी चर्चचं दालन बहुतेक मोकळंच असे. जमिनीवर लव्हाळे पसरलेले, लोक उभे किंवा गुडघ्यांवर. म्हातारे-आजारी भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर टेकत. मिरवणुका याच दालनातून निघत आणि चर्चसाठी पैसा उभा करायला बिअरच्या मेजवान्याही कित्येकदा इथंच झडत.

पंधराव्या शतकात लोकर आणि कापडाचा पैसा गावोगाव खेळू लागला, तशी ओकची जाडजूड बाकं आली. सुतारांनी कसब ओतलं ते बाकांच्या कडेच्या फळ्यांवर. सफकमध्ये फळीच्या डोक्यावर कोरलेला तुरा असतो, सॉमरसेटमध्ये चौकोनी फळी आणि तिच्यावर चित्रं. स्पॅक्स्टनला कापडावर काम करणारा कारागीर आपल्या अवजारांसह कोरला आहे. ब्रेंट नॉलला तर तीन फळ्यांवर मठाधिपतीच्या वेशातला कोल्हा आधी पक्ष्यांना उपदेश करतो, मग खोड्यात अडकतो, शेवटी हंस त्याला फासावर चढवतात. मठाधिपतींची ही टर खुद्द चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी नजरेसमोर! वेलबुट्टीच्या शंभर फळ्यांपेक्षा मला या तीन मोलाच्या वाटतात.

धर्मसुधारणेनंतर प्रवचनं लांबली आणि बसण्याला भाव आला. बाकांभोवती उंच लाकडी भिंती उठल्या, त्यांना दारं लागली, बाकांच्या जणू पेट्याच झाल्या. काही श्रीमंतांनी आत शेकोटीसुद्धा करून घेतली. कुठं जागेचा हक्क घराशी जोडलेला, कुठं जागा भाड्यानं. व्हिटबीच्या सेंट मेरी चर्चमध्ये चोल्मली घराण्यानं आपलं आसन पिळाच्या खांबांवर थेट वेदीपुढच्या कमानीत चढवलं. गावकऱ्यांनी वेदीकडे पाहायचं ते त्यांच्या खालून. परक्या पाहुण्यांसाठी तिथं वेगळी पेटी आहे, तशी पाटी लावून.

क्विनेलचं फर्मान असं गुंडाळलं गेलं. गरिबानं मागं कुठंतरी उभं राहायचं. 1818 साली निघालेल्या चर्चबांधणी संस्थेनं मग अनुदानाला अट घातली, की काही जागा सर्वांसाठी मोफत हव्यात. 1839 साली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या कॅम्डेन सोसायटीनं पेट्यांविरुद्ध मोहीमच उघडली. व्हिक्टोरियन काळातल्या जीर्णोद्धाराच्या लाटेत हजारो पेट्या फोडल्या गेल्या आणि वेदीकडे तोंड केलेली उघडी बाकं ओळीनं बसली. आज अनेकांना मध्ययुगीन वाटतात ती बऱ्याचदा हीच.

आता काही चर्चना ती काढून खुर्च्या मांडायच्या आहेत. त्यासाठी धर्मप्रांताच्या न्यायालयाची परवानगी लागते, आणि व्हिक्टोरियन वारशाचे पाठीराखे तिथं हरकत नोंदवतात.