कॉन्चेर्तो इन एफ

अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन (२६ सप्टेंबर १८९८ – ११ जुलै १९३७) याने पियानो व वाद्यवृंदासाठी केलेली तीन भागांची रचना. वादनाचा काळ सुमारे अर्धा तास. पहिला प्रयोग न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ३ डिसेंबर १९२५ रोजी झाला. वाद्यवृंद न्यूयॉर्क सिंफनी, संचालक वॉल्टर डॅमरॉश आणि पियानोवर स्वतः गर्श्विन.

‘रॅप्सडी इन ब्लू’ (१९२४) गाजल्यावर डॅमरॉशने त्याच्याकडे ही रचना मागितली. रॅप्सडीचे वाद्यवृंदलेखन फर्डी ग्रोफेने केले होते. या वेळी गर्श्विनने ते स्वतः केले. वाद्यवृंदलेखनाचे पुस्तक त्याने त्यासाठीच विकत घेतल्याची कथा सांगितली जाते. प्रयोगाआधी त्याने भाड्याने वादक जमवून सगळी रचना एकदा वाजवून घेतली व काही जागा छाटल्या.

रचनेचा प्राण लयीत आहे. पहिला भाग टिंपनीच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि लगेच त्या काळच्या चार्ल्स्टन नाचाची लय येते : चार मात्रांत पहिला आघात पहिल्या मात्रेवर, दुसरा दुसऱ्या मात्रेच्या मध्यावर. दुसरा आघात दोन ठोक्यांच्या मधे पडल्याने पाय थांबत नाही. मुख्य धून बॅसून हे सुषिरवाद्य वाजवते. पियानो उशिरा व एकट्याने येतो.

दुसरा भाग सर्वांत मोलाचा. क्लॅरिनेटच्या मंद स्वरांवर एक ट्रम्पेट ब्लूजच्या अंगाची लांब धून वाजवते. ट्रम्पेटच्या तोंडावर फेल्टचे टोपण धरावे, अशी सूचना स्वरलेखनातच आहे. त्यामुळे धातूची धार जाऊन सूर दबका होतो. नाचघरातील ही युक्ती सिंफनीच्या व्यासपीठावर इतक्या संयमाने क्वचितच वापरली गेली. हे साधणाऱ्याला अभिजात संगीताची जाण नव्हती, हा आक्षेप टिकत नाही.

तिसरा भाग वेगवान. आधीच्या भागांतील धुना परत येतात.

पहिल्या प्रयोगानंतर समीक्षकांत मतभेद झाले. १९५१ च्या ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ चित्रपटात ऑस्कर लेव्हंटने तिसरा भाग वाजवला असून, पियानोवादकासह वाद्यवृंदातील अनेक वादक व संचालक त्यात तोच दिसतो.

ज्या जॅझच्या लयीवर ही रचना उभी आहे, तो महाराष्ट्रात रुजला मुख्यतः मुंबईच्या हॉटेलांतून. कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९३० नंतरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत असे. तिथून गोमंतकीय वादकांमार्फत ही शैली चित्रपटसंगीतात आली. या रचनेचा त्यावर थेट परिणाम झाल्याचे म्हणता येत नाही. दोहोंचे मूळ मात्र एकच, जॅझ. १९५१ च्याच ‘अलबेला’ चित्रपटात संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केलेला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो.