रिकामी समाधी, भरलेली कबर

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक हे आल्प्सच्या कुशीत वसलेले शहर. १९६४ व १९७६ साली येथे हिवाळी ऑलिंपिक भरले. बर्फावरचे खेळ आणि नॉर्डकेटे पर्वताचा रज्जुमार्ग यांच्या ओढीने प्रवासी येथे येतात. परंतु या नगरीचे अंतःकरण ओळखायचे, तर होफकिर्शे या चर्चमध्येच जावे.

तेथे सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याची भव्य समाधी आहे; भोवती २८ कांस्यपुतळे पहारा देतात. समाधी मात्र रिकामी आहे! १५१९ साली निवर्तलेल्या सम्राटाचे दफन दूर वीनर नॉयस्टाट येथे झाले.

त्याच चर्चमध्ये आंद्रेआस होफर या खाणावळवाल्याची कबर आहे. नेपोलियनच्या पाठबळावर आलेल्या बव्हेरियन राजवटीने नाताळची मध्यरात्रीची मिस्सा व धार्मिक मिरवणुका यांना बंदी केली, सक्तीची सैन्यभरतीही लादली. तेव्हा १८०९ साली होफरने शेतकऱ्यांसह बेर्गिझेल टेकडीवर शत्रूसैन्याला नमविले. पुढे पराभव झाला. १८१० साली मांटुआ येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. १८२३ साली त्याच्या अस्थी येथे आणल्या गेल्या.

आज बेर्गिझेलवरून स्कीपटू झेपावतात. ती झेप अवश्य पाहावी. परंतु त्या टेकडीवर प्राण पणाला लावणाऱ्यांचे स्मरणही करावे. सम्राटाने कीर्तीसाठी समाधी योजिली. प्रजेने मात्र चर्चमध्ये जागा दिली ती आपल्यातल्याच एकाला.