बहात्तर तास आणि एक धामण

१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत ७२ सापांसोबत ७२ तास राहिले. साप बहुतेक विषारी! ही बातमी देगलूरला पोचली आणि माझ्यातला सर्पतज्ज्ञ जागा झाला. मी शेतातून एक धामण धरून आणली. धामण बिनविषारी, हे मला पाठ होतं. बिनविषारी सापालाही दात असतात, हे तिनं शिकवलं. मी तिला शेपटीला धरून उचललं होतं. सापाला अंगाखालून आधार द्यावा लागतो, हे ज्ञान हाताला हळद लावताना झालं.

काचेची खोली कुठली? माळवदावरचा रिकामा रांजण घेतला, तोंडाला फडकं बांधलं. "येडा झालास का रे?" म्हणत आईनं वाटीभर दूधही ठेवलं. साप दूध पीत नाही. ते मांजरानं संपवलं. चार दिवस धामण उपाशीच.

पाचव्या दिवशी वडील शांतपणे म्हणाले, "शेतात ती उंदीर खायची. तू तिला उपाशी ठेवलंस अन् उंदरांना जेवू घातलंस."

त्याच संध्याकाळी तिला बांधावर सोडलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

पुढे १९८६ साली खैरे यांच्या खटपटीतून कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. आपल्याकडचे साप घरात पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, हेही मला नंतर कळलं. वडिलांनी तो कायदा वाचला नव्हता. त्यांनी फक्त ज्वारीची कणगी पाहिली होती.