ईमेलच्या भरवशावरचा प्रवेश : एका पद्धतीचा इतिहास आणि तिच्यातील उणिवा

अमेरिकन अभियंते रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली अर्पानेट या संशोधनासाठी उभारलेल्या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवला, आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह योजून ईमेलच्या पत्त्याला आजचे रूप दिले. त्या जाळ्यावर मोजक्याच संस्था असल्यामुळे पाठवणारा खरोखर तोच आहे का, याची शहानिशा करण्याची गरज कोणाला भासली नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी हा पत्रांच्या देवाणघेवाणीचा नियमसंच प्रसिद्ध केला, तेव्हाही त्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नव्हती आणि मजकूर वाटेत उघडाच राहत असे. ईमेलची घडण अशी केवळ निरोप पोचवण्यासाठी झाली होती. माणसाची ओळख सिद्ध करण्याचे काम तिच्यावर पुढे लादले गेले.

ते लादले गेले वेबच्या प्रसाराबरोबर. जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. मुंबईच्या रेडिफनेही मोफत ईमेल देऊ केल्यावर स्वतःचा संगणक नसलेल्या माणसालाही स्वतःचा पत्ता मिळू लागला. संकेतस्थळांच्या दृष्टीने हा पत्ता फारच सोयीचा होता, कारण तो प्रत्येकाचा वेगळा असे आणि त्यावर संपर्कही साधता येई. पासवर्ड विसरलेल्या ग्राहकाला त्याच पत्त्यावर नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक पाठवण्याची प्रथा लवकरच सार्वत्रिक झाली. तिचा परिणाम मात्र दूरगामी ठरला : बँकेपासून दुकानापर्यंत प्रत्येक खात्याचा पासवर्ड कितीही अवघड असला, तरी त्या खात्याची सुरक्षितता एका टपालपेटीच्या सुरक्षिततेइतकीच उरली.

या परावलंबनाचा धडा २००९ साली ट्विटरला मिळाला. कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या जीमेल खात्याला पर्यायी पत्ता म्हणून हॉटमेलचे एक जुने खाते जोडलेले होते; ते वापराविना बंद पडून तो पत्ता पुन्हा कोणालाही घेता येण्याजोगा झाला होता. हल्लेखोराने तो स्वतःच्या नावे घेतला, जीमेलकडे नवा पासवर्ड मागितला आणि लिंक थेट त्याच्या हाती आली; तिथून तो कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांपर्यंत पोचला. यात कोणतेही कुलूप फोडले गेले नव्हते. पत्ता कायम एकाच माणसाचा राहतो, हे गृहीतकच खोटे होते.

पुढच्या दीड दशकात लिंक बनवणाऱ्या प्रणालींतील दोष एकामागून एक उघडकीस आले. काही प्रणाली लिंकमधील संकेतस्थळाचे नाव ब्राउझरच्या विनंतीतून जसेच्या तसे उचलत. हल्लेखोराने तिथे स्वतःच्या स्थळाचे नाव घातले की अस्सल कंपनीकडून आलेल्या पत्रातली लिंक त्याच्याकडे वळे आणि तिच्यातील एकदाच चालणारा गुप्त संकेत त्याला मिळे. डिसेंबर २०१९ मध्ये जँगो या वेब-चौकटीत दुरुस्त झालेला दोष याहून सूक्ष्म होता. तुर्की भाषेत बिंदू नसलेला ‘आय’ हे स्वतंत्र अक्षर आहे. लहान-मोठ्या लिपीचा भेद मिटवून तुलना केली की ते साध्या ‘आय’शी जुळे, त्यामुळे असे अक्षर असलेला हल्लेखोराचा पत्ता खऱ्या ग्राहकाचाच मानला जाई. नोंदवहीतील पत्त्याऐवजी अर्जात टंकलेल्या पत्त्यावर पत्र जात असल्याने लिंक भलत्याच पेटीत पडे. जानेवारी २०२४ मध्ये गिटलॅबने जाहीर केलेल्या दोषात तर एकाच विनंतीत दोन पत्ते दिले की पत्र दोन्हीकडे जात असे. त्याला गंभीरतेच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले.

लिंकऐवजी अंकी कोड वापरूनही प्रश्न सुटला नाही. सहा अंकी कोडचे दहा लाखच पर्याय असतात आणि प्रयत्नांवर मर्यादा नसेल तर संगणक ते सगळे तपासू शकतो. फेसबुकच्या मुख्य स्थळावर ही मर्यादा होती, पण चाचणीसाठीच्या स्थळावर ती नव्हती, हे भारतीय संशोधक आनंद प्रकाश यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले आणि कंपनीने त्यांना १५,००० डॉलरचे बक्षीस दिले. त्याच सुमारास पासवर्ड काढून टाकून केवळ ईमेलमधील लिंकने प्रवेश देण्याची पद्धत मीडियमसारख्या स्थळांनी स्वीकारली. तिने पासवर्ड लक्षात ठेवण्याचा त्रास संपवला, पण टपालपेटीवरचा भार पूर्ण केला.

मार्च २०१९ मध्ये मानक म्हणून मान्य झालेली वेबऑथन ही पद्धत गुप्त किल्ली वापरकर्त्याच्या उपकरणातच ठेवते आणि ती एकाच संकेतस्थळाशी बांधते, त्यामुळे वाटेत चोरण्याजोगे काही उरत नाही. तरीही उपकरण हरवलेल्या ग्राहकाला अनेक सेवा आजही ईमेलच्याच दाराने आत घेतात. हे दार जोवर उघडे आहे, तोवर वापरकर्त्याने टपालपेटीला दुहेरी पडताळणी लावणे आणि जुने पर्यायी पत्ते काढून टाकणे, तसेच प्रणाली घडवणाऱ्याने लिंक अल्पायुषी ठेवून केवळ नोंदवलेल्या पत्त्यावरच पाठवणे, हे दोघांचेही अपरिहार्य कर्तव्य आहे.