विद्युत पेनिट्रेटर (पाणबुडी)

विद्युत पेनिट्रेटर हा पाणबुडीच्या दाबसह कवचातून विजेच्या तारा आरपार नेण्यासाठी वापरला जाणारा जलरोधक भाग होय. पाणबुडीच्या मोटारी, दिवे आणि काही रचनांमध्ये बॅटऱ्याही कवचाबाहेर असतात, तर स्विच व मापके चालकाजवळ आत असतात. त्यामुळे कवचाला छिद्रे पाडणे अपरिहार्य ठरते. घरगुती बनावटीच्या पाणबुड्यांत हा भाग अनेकदा निर्माता स्वतःच घडवतो.

पाण्याचा दाब

समुद्रात दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे १ वातावरणाने वाढतो. १०० मीटर खोलीवर २५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातील जोडणीला सुमारे ५० किलोग्रॅम वजनाइतके बल आत ढकलत असते. हौशी निर्मात्यांमध्ये परिचित असलेल्या, जॉर्ज किट्रेज यांच्या के-३५० या पाणबुडीच्या नावातील आकडा ३५० फूट (सुमारे १०७ मीटर) खोली दर्शवतो.

रचना

साधा पेनिट्रेटर म्हणजे धातूचा पोकळ बोल्ट असतो. त्याचे रुंद डोके कवचाच्या बाहेरील बाजूस टेकते व आतून नट आवळला जातो. यामुळे पाण्याचा दाब बोल्टला उखडण्याऐवजी कवचावर अधिकच दाबून धरतो. डोक्याखालील खाचेत रबरी ओ-रिंग बसवतात. पोकळीतून तारा ओवून भोवती इपॉक्सी ओततात. पोकळी आतील बाजूस निमुळती ठेवल्यास इपॉक्सी दाबाखाली पाचरीप्रमाणे घट्ट बसते. बोल्ट व कवच भिन्न धातूंचे असल्यास समुद्राच्या पाण्यात गॅल्व्हानिक क्षरणाचा धोका असतो.

गळतीचे मार्ग

ओ-रिंग निर्दोष असूनही तारेच्या आतूनच पाणी शिरू शकते. बाहेरील वेष्टन कोठेही फाटल्यास पाणी बारीक तारांमधील फटींतून, वेष्टनाच्या आतल्या आत, थेट पाणबुडीत पोहोचते. म्हणून इपॉक्सीत बुडणाऱ्या भागावरील वेष्टन काढून तेथील फटी डाखाने पूर्ण भरतात, किंवा त्या टप्प्यात अखंड भरीव तार वापरतात. उघडे वाहक एकमेकांपासून व बोल्टपासून दूर ठेवावे लागतात. टेफ्लॉन व सिलिकॉनच्या वेष्टनाला इपॉक्सी नीट चिकटत नाही.

चाचणी व सुरक्षितता

बाहेरील केबल तुटली तरी पेनिट्रेटरमधून पाणी आत येता कामा नये, हा त्याच्या रचनेचा मूलभूत निकष आहे. पाणबुडीवर बसवण्यापूर्वी तो जलदाब पात्रात कार्यदाबापेक्षा अधिक दाबाखाली तपासतात व मेगरने विद्युतरोधन मोजतात. बॅटरी बाहेर असल्यास फ्यूज बॅटरीलगत बसवणे इष्ट असते. अन्यथा बॅटरी व फ्यूज यांमधील केबलमध्ये शॉर्टसर्किट झाल्यास प्रवाह खंडित होत नाही.

खारे पाणी व वीज यांच्या संपर्काचे गांभीर्य मोठ्या पाणबुड्यांच्या अपघातांतूनही दिसते. २०१७ मध्ये ४४ जणांसह बुडालेल्या अर्जेंटिनाच्या सान हुआन पाणबुडीने बुडण्यापूर्वी, वायुवीजन यंत्रणेतून शिरलेल्या पाण्यामुळे बॅटरीत शॉर्टसर्किट झाल्याचे कळवले होते.